ओळखीच्या एका बाईंची कवळी

गावातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्या माणसांचं हसू एकाच माणसाच्या हातचं होतं आणि याची कानोकान खबर कुणाला नव्हती. ज्याच्या त्याच्या तोंडाला माहीत होतं, पण ते तोंड कशाला सांगेल? त्या माणसाला सगळे कवळीकाका म्हणत, तेही पाठीमागे. समोर कुणी हाकच मारत नसे. रस्त्यात काका समोरून आले की भलेभले सद्गृहस्थ एकदम आभाळाकडे बघायला लागत आणि बायका पिशवीत काहीतरी शोधायला लागत. सुरुवातीला काकांना याचं वाईट वाटायचं. मग त्यांनी मनाची समजूत घातली, की ज्याचं काम उत्तम झालं तो आपल्याला ओळख देत नाही. ज्याची कवळी सैल होते तो बरोबर भर बाजारात गाठतो.

दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेत आणि ते काकांकडे पाठवत. काका त्या मापात प्लास्टर ओतून जबडा तयार करत, त्यावर मेणाची हिरडी चढवत आणि मेणात एकेक दात खोचत. तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात हेच करत होते. तिथे पुढे यंत्रं आली आणि माणसं घरी गेली. तेव्हापासून घराची मागची खोली हाच त्यांचा कारखाना. जळक्या डागांचं टेबल, स्पिरिटचा दिवा, मेण वितळवायची कढई, उघडमीट करणारा पितळी जबडा आणि भिंतभर फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस खोलीत आला तर त्याला वाटावं, सगळे आपल्याकडे बघून दात विचकताहेत.

काकांचा एक नियम होता. दात मेणात असतानाच गिऱ्हाइकाला बोलवायचं, खिडकीशी बसवायचं, मेणाची कवळी तोंडात घालायची आणि हातात आरसा द्यायचा. मेणातला दात बोटानं हलतो. एकदा का मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक येऊन घट्ट झालं, की मग ब्रह्मदेव आला तरी काही करू शकत नाही. ‘जे बोलायचं ते मेणाच्या दिवशी बोला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसं मागच्या दारानं यायची, आरशात बघायची आणि हळूच म्हणायची, ‘थोडे मोठे वाटतात का हो?’ काका दात काढायचे आणि पुन्हा बसवायचे. कधी कुणावर करवादले नाहीत.

असा हा माणूस घरच्याच कवळीपुढे हात टेकून बसला होता.

काकू म्हणजे सातमजली हसणं. लहान मुलांच्या शाळेत शिकवायच्या तेव्हा त्यांच्या हसण्यावरून शेजारच्या वर्गाला कळायचं, की इकडे आता गोष्ट संपली. निवृत्त झाल्यावर त्यांचा पत्त्यांचा अड्डा सुरू झाला. काकू, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, पोस्टातल्या बाई आणि त्यांची विधवा नणंद. आठवड्यातून एकदा दुपारी डाव पडायचा आणि खेळापेक्षा लबाडी जास्त व्हायची. मग काकूंच्या हिरड्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सगळे दात काढले. काकांनी जीव ओतून कवळी केली. आयुष्यभर लोकांसाठी केल्या, ही घरची. एकेक दात मोत्यासारखा, ओळ अशी सरळ की पट्टी लावून बघावी. ती बसवली तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या दिवसापासून काकू हसताना तोंडावर हात धरायला लागल्या. मग हसायच्याच बंद झाल्या. जेवायला काकांच्या नंतर, स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून. पत्त्यांना जाणं सुटलं. शिंपीणबाईंनी दोनतीनदा निरोप पाठवला. ‘डोकं दुखतंय,’ असं उत्तर गेलं. डोकं तरी किती दिवस दुखणार?

‘टोचते का गं कुठे?’ काका विचारायचे.

‘नाही.’

‘सैल होते?’

‘नाही हो. चांगली आहे.’

‘मग?’

‘मग काय? चांगली आहे म्हटलं ना.’

काकांनी दातांच्या कण्या केल्या, पण काकूंनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढे काकांनी जो ब्लॉग काढला, त्याची खरी सुरुवात इथे आहे. काकांनी हिशेब केला, की घरचं एक माणूस बोलत नाही, पण जगात कवळीवाली माणसं पुष्कळ आहेत. त्यांना बोलतं केलं तर कुणीतरी सांगेल, की चांगली कवळी तोंडात असताना माणूस तोंड का झाकतं. लेकीला मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. तिला म्हणाले, ‘वेळ जात नाही. मला ते ब्लॉग का काय असतं ते काढून दे.’

लेक दुसऱ्या शहरात जाहिरातींच्या कंपनीत होती. माणसांचं लक्ष वेधून घेणं हाच तिचा धंदा. तिनं एका दुपारी फोनवरूनच सगळं मांडून दिलं आणि ब्लॉगला नावही दिलं, ‘कवळीकाका’. काकांनी दोन बोटांनी टाइप करून पहिली पोस्ट टाकली: ‘संपूर्ण कवळीची निगा: काही सूचना’. दुसरी: ‘कवळी धुण्याचे पाणी: कोमट की थंड’. पहिल्या महिन्यात वाचक झाले सात. त्यांत लेक एकदा मोबाइलवरून आणि एकदा ऑफिसातून मोजलेली होती, जावई होता आणि एकदा चुकून काकांनी स्वतःच उघडून बघितलं होतं. बाकीचे कोण, देव जाणे.

‘बाबा, हे औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यासारखं वाटतं,’ लेक म्हणाली. ‘माणसाशी बोला ना. मथळा असा द्या की हात थांबला पाहिजे. फोटो टाका. आणि खाली लिहा, की आवडलं तर मित्रांना पाठवा. वाचक वाचक आणतो.’

काका आज्ञाधारक. त्यांनी फोटो टाकला: एक कवळी, एकटीच, पेल्यातल्या पाण्यात, सगळे दात दाखवत हसणारी. मथळा दिला: ‘तुमच्या तोंडात काय चाललंय?’ खाली जाड अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या मित्रांना जरूर पाठवा.’

लोक आले. फोटो बघून आले आणि फोटो बघूनच पळाले. ऑफिसात कुणी उघडलं असेल, तर शेजाऱ्याची मान वळायच्या आत मिटवलं असेल. कमेंट एक नाही. पाठवणारा तर औषधालाही सापडेना.

‘मित्रांना का पाठवत नसतील?’ लेकीला कोडं पडलं.

‘अगं, कोण पाठवेल?’ काकांना एकदम उजेड पडला. ‘मी माझ्या मित्राला कवळीवरचा लेख पाठवला, तर त्याचा अर्थ काय होतो? तुझे दात खोटे आहेत हे मला कळलंय. संपली मैत्री!’

फोनवर लेक पोट धरून हसली. असा माल तिनंही आजवर विकला नव्हता, जो प्रत्येकाला हवा आणि कुणालाच हवा नाही.

काकांनी फोटो काढून टाकला. दोनचार दिवस विचारात होते. मग एका सकाळी मागच्या दाराशी नेहमीसारखा एक गृहस्थ आला. चांगला सुटाबुटातला, तोंड मिटून बोलणारा. म्हणाला, ‘माझ्यासाठी नाही हं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यासाठी विचारतोय. त्यांची कवळी जेवताना उचलते.’ काकांनीही वर न बघता, हातातलं प्लास्टर ढवळत सांगितलं, ‘त्यांना म्हणावं, एका बाजूनं चावू नका. घास लहान आणि दोन्ही बाजूंना वाटून.’ गृहस्थांनी मान डोलावली आणि त्या ‘ओळखीच्यां’साठी निरोप घेऊन गेले.

आयुष्यभर काका हेच करत आले होते. कधी कुणाला ‘तुम्हीच ना ते?’ असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मागचं दार कधीच गंजून गेलं असतं. मग ब्लॉगवर ते भरचौकात उभं राहून लोकांना तोंड उघडायला का सांगत होते?

त्या आठवड्याच्या पोस्टखाली त्यांनी लिहिलं: ‘आपल्या ओळखीच्या कुणाला काही विचारायचं असेल तर खाली विचारावं. ओळखीच्यांचं नाव नको, गाव नको. आपलंही नको.’

आणि धरण फुटलं.

‘ओळखीच्या एका गृहस्थांना मक्याचं कणीस जिवापाड आवडतं. त्यांनी आता काय करावं?’

‘माझ्या शेजारीणबाईंना बसमध्ये शिंक आली आणि कवळी समोरच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडली. त्यांनी पुन्हा त्या बसने जावं का?’

‘एका मित्राला बोलताना शिट्टी येते. त्याचा कुत्रा प्रत्येक वाक्याला धावत येतो. उपाय सांगा, मित्र आणि कुत्रा दोघेही दमले आहेत.’

काका प्रत्येकाला उत्तर द्यायचे. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. लेक म्हणायची, एवढं कुणी करत नाही. काका म्हणायचे, ‘दारात आलेल्या माणसाला मी कधी उत्तर न देता पाठवलंय का?’ बसवाल्या बाईंना त्यांनी लिहिलं, की त्यांनी अवश्य त्याच बसने जावं. रुमाल जवळ ठेवावा आणि त्या प्रवाशाची काळजी करू नये, त्याला जन्मभर सांगायला गोष्ट मिळाली आहे. कणीसवाल्यांना लिहिलं, की आधी दाणे सोलून खा, मग कणसाचे सुरीनं लहान तुकडे करून आणि काय होतं ते पुढच्या आठवड्यात कळवा.

या ‘कळवा’नं जादू केली. पुढची पोस्ट नेहमी ठरलेल्या दिवशी यायची आणि तिची सुरुवात मागच्या आठवड्यातल्या माणसांच्या बातमीनं व्हायची. लोक धुण्याच्या पाण्यासाठी येईनात, कणसाचं काय झालं ते बघायला येऊ लागले. ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते असेही यायला लागले. एका आठवड्यात कणीसवाल्यांचा पत्ता नव्हता, तर खाली सगळ्यांनी गिल्ला केला: ‘कणीस कुठे आहे?’ शेवटी ते उगवले. त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांनी थेट कणसाला तोंड लावलं होतं, एक ओळ फस्त केली होती आणि कवळी जागच्या जागी होती. त्या दिवशी खाली असा जल्लोष झाला, की लेकीनं ऑफिसातून फोन केला, ‘बाबा, मोठमोठ्या कंपन्या पैसे ओतून असे वाचक मिळवू शकत नाहीत हो!’

काका खूश होते, नाही कसं म्हणायचं? आयुष्यात ज्याला रस्त्यात कुणी ओळख दिली नाही, त्याची शेकडो माणसं वाट बघत होती. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात काकू भिंतीकडे तोंड करून जेवत बसलेल्या दिसल्या, की त्यांना वाटायचं, हा सगळा खटाटोप पालथ्या घड्यावर पाणी. ज्या एका उत्तरासाठी दुकान मांडलं, ते अजून कुणी दिलं नव्हतं. काकू तर ब्लॉगकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. निदान काकांना तसं वाटत होतं.

आणि मग ती कमेंट आली.

‘माझ्या ओळखीच्या एका बाई आहेत. त्यांची कवळी फार सुरेख झाली आहे. सगळे नावाजतात. डॉक्टर म्हणतात काहीही दोष नाही. पण त्या कुणासमोर हसत नाहीत, कुठे येत-जात नाहीत. कारण सांगत नाहीत. काय करावं?’

हा आपला प्रश्न. अगदी आपल्याच घरातला. याचं उत्तर त्यांना लोकांकडून हवं होतं. खरं म्हणजे त्यांनी तेवढंच लिहायला हवं होतं, की मला माहीत नाही, तुम्हीच सांगा. पण माणसाचं मन मोठं बेरकी असतं. ‘सुरेख झाली आहे’ हे शब्द वाचले आणि काकांच्या आतला कारागीर फणा काढून उभा राहिला. त्या कवळीत खोट आहे म्हणावं, तर मग घरच्या कवळीचं काय? त्यांनी एका दमात लिहिलं: ‘कवळी निर्दोष असेल तर दोष कवळीत शोधू नये. दात पूर्वीपेक्षा चांगले झाले आहेत हे त्या बाईंना समजावून सांगावं. सवयीनं सगळं होतं. ज्यानं एवढी मेहनत घेतली त्याच्याविषयी थोडी कृतज्ञताही असावी.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर खाली रण माजलेलं. ‘कृतज्ञता? दात त्यांच्या तोंडात आहेत की तुमच्या?’ ‘ओळखीच्या बाईंना कुणी विचारलं का?’ शिट्टीवाल्याच्या मित्रानं लिहिलं, की आज प्रथमच कुत्राही नाराज आहे. कणीसवाले गृहस्थ, ज्यांना काकांनी बोटाला धरून कणसापर्यंत आणलं होतं, ते सगळ्यांत तिखट: ‘काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझे ओळखीचे यापुढे येणार नाहीत.’ आणि खरंच, पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. त्यांच्यामागून आणखी बरेच गेले. नवे आले ते भांडण बघायला.

‘आकडे तर वर गेलेत,’ लेक चाचरत म्हणाली.

‘हे वाचक नव्हेत, बघे आहेत,’ काका म्हणाले. ‘बंद करून टाक तो ब्लॉग.’

‘बाबा, एका चुकीसाठी?’

‘चूक? माझी चूक?’ काका कडाडले आणि त्यांनी फोन ठेवला. मागच्या खोलीत जाऊन बसले. जबडे त्यांच्याकडे बघून दात विचकत होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सगळे पालथे घालावेसे वाटले.

काकू दारात आल्या. हातात पुसायचं फडकं. म्हणाल्या, ‘उत्तर चुकलं तुमचं.’

काकांनी मान वर केली. ‘तू... वाचतेस?’

‘पहिल्या दिवसापासून. त्या सातांतली एक मी होते. कोमट की थंड तेसुद्धा वाचलंय. फार कंटाळवाणं होतं हो ते.’

‘मग ती कमेंट... तू?’

‘मी नव्हे. असेल कुणी बिचारी. पण तिचं उत्तर मला ठाऊक आहे.’ काकू खिडकीशी बसल्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. ‘तुम्ही जगाला सांगता, मेणाच्या दिवशी बोला. गेल्या महिन्यात त्यावर पोस्टही लिहिलीत. छान लिहिलीत. माझा मेणाचा दिवस कधी होता?’

काकूंचा मेणाचा दिवस झालाच नव्हता. मेणाची कवळी तोंडात घालून त्यांनी घाईघाईनं वरचे-खालचे दात जुळतात का तेवढं बघितलं होतं आणि काकूंनी आरशाकडे हात नेला तर हसून म्हणाले होते, ‘आता नाही. पूर्ण झाली की बघ, गंमत आहे.’ गावातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांना त्यांनी आरसा दिला होता. एकट्या बायकोला दिला नव्हता, कारण तिला त्यांना चकित करायचं होतं.

‘माझा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता,’ काकू म्हणाल्या. ‘लहानपणी सगळे चिडवायचे. आईचाही तसाच होता. शाळेतली पोरं चित्र काढायची तर माझा तो दात आधी काढायची, नाक मग. तुम्ही तो सरळ करून टाकलात. विचारलं नाहीत.’

‘अगं, तो वाकडा होता!’ काका कळवळून म्हणाले. ‘मला वाटलं, आता संधी आहे तर...’

‘कळलं मला. म्हणून तर बोलले नाही. तुमचे डोळे भरून आले होते तेव्हा. त्या वेळी कुठल्या तोंडानं म्हणू, की मला ही नको?’ त्यांनी फडक्याची घडी घातली. ‘आरशात बघते तर एक बाई. दिसायला चांगली आहे, नाही असं नाही. पण मी तिच्या तोंडानं हसायला गेले, की मला लाज वाटते. दुसऱ्याची साडी नेसून मिरवल्यासारखं.’

बायकोला आपण सुंदर केलं असं ते इतके दिवस समजत होते. आणि तिच्या चेहऱ्यातून तिलाच काढून टाकलं होतं. फार वाईट वाटलं त्यांना, इतकं की डोळे पुसायला त्यांनी टेबलावरचं मेणानं माखलेलं फडकंच घेतलं.

‘ते सोडा आता,’ काकू म्हणाल्या. ‘उठा जरा. त्या बाई वाट बघत असतील.’

त्या काकांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लिहिलं: ‘कवळीकाकांचं उत्तर चुकलं आहे आणि ते त्यांना मान्य आहे. मी त्यांची बायको. माझ्याही तोंडात कवळी आहे, त्यांनीच केलेली आणि फार सुरेख. ती मला नको आहे. मला माझे वाकडे दात हवे आहेत. तुमच्या ओळखीच्या बाईंना विचारा, त्यांचं काय हरवलंय. सुरेख आहे, असं त्यांना पुन्हा सांगू नका. त्यांना एकदा विचारा.’

त्या ब्लॉगवर ‘मी’ म्हणणारं हे पहिलं माणूस.

दिवसभर खाली काहीच आलं नाही. काकूंना वाटलं, आपण भलतंच केलं. काकांना वाटलं, संपलं. संध्याकाळी एक कमेंट आली, कणीसवाल्यांची. ‘काकू, ते ओळखीचे गृहस्थ मीच आहे. तुम्हाला कळलं असेलच. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, मी त्यातून शीळ घालायचो. ती परत मिळेल का?’ मग शेजारीणबाईंच्या शेजारीण आल्या: बसमध्ये त्याच शिंकल्या होत्या. मग शिट्टीवाला आला, कुत्र्यासकट. एकेक करून मागच्या दारानं येणारी माणसं पुढच्या दारानं यायला लागली. आणि जे लेकीच्या सगळ्या मथळ्यांनी झालं नव्हतं ते आपोआप झालं. लोक ही पोस्ट एकमेकांना पाठवू लागले. मुली आयांना पाठवू लागल्या, सुना सासऱ्यांना. कारण आता त्यात ‘तुझे दात खोटे आहेत’ असं काही नव्हतं. त्यात होतं, की तुझं काय हरवलंय ते मला सांग.

ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांनी काही दिवसांनी लिहिलं. ओळखीच्या बाई म्हणजे त्यांची सासू. विचारल्यावर ती आधी रडली आणि मग तासभर बोलत होती.

आता ब्लॉग दोघांचा झाला. काका कारागिरीचं सांगत, काकू बाकीचं. वाचक कुणाकडे जास्त होते हे सांगायची गरज नाही. काका म्हणायचे, हसतील त्यांचे दात दिसतील आणि ते दात माझेच असतील.

मागच्या खोलीत मात्र त्यांची परीक्षा चालली होती. काकूंचे दात काढण्यापूर्वी घेतलेला प्लास्टरचा जबडा त्यांनी फळीवरून खाली आणला, धूळ झटकली आणि बघत राहिले. तो दात शेजारच्यावर असा ऐटीत चढून बसला होता, जसा लाडका मुलगा धाकट्याच्या खांद्यावर हात टाकतो. त्याच्यासारखा नवा दात लावायला गेले तर हात ऐकेना. आयुष्य वाकड्याचं सरळ करण्यात गेलेलं. मेणात दात वाकडा खोचायचे, पाणी प्यायला उठायचे आणि परत येऊन बघतात तर बोटांनी नकळत तो सरळ केलेला. ‘अहो, सवय तुम्हालाच करायला हवी,’ काकू दारातून म्हणायच्या.

शेवटी काकूंचा मेणाचा दिवस आला. जुनी कवळी पेल्यात ठेवून त्या खिडकीशी बसल्या. काकांनी मेणाची कवळी तोंडात बसवली आणि दोन्ही हातांनी आरसा दिला. काकूंनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

‘अजून जरा पुढे.’

काकांनी कवळी काढली, मेण कोमट केलं, दात पुढे घेतला.

‘अजून.’

‘अगं, बरं दिसणार नाही!’

‘बरा दिसायचाच नाही तो. कधीच दिसला नाही. अजून थोडा वळवा.’

काकांनी डोळे मिटून वळवला आणि कवळी पुन्हा काकूंच्या तोंडात बसवली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. लेक होती. हात मेणानं भरलेले म्हणून काकांनी कोपरानं तो स्पीकरवर टाकला. लेक आठवड्याचे आकडे सांगायला लागली. काकूंनी आरसा वर धरला. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, दुसरा हलला आणि त्यांना आरशात आपली ओळखीची मुद्रा दिसली असावी, कारण पोटातून हसू उसळलं. मेणाची कवळी काही हसायला केलेली नसते. ती निसटली, टुणकन उडाली आणि काकांच्या ओल्या प्लास्टरच्या वाडग्यात जाऊन बसली. ते बघून काकू आणखी हसल्या. बोळकं तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन्ही हात मांडीवर. खोलीतले सगळे जबडे खडखडले असावेत, असं ते हसणं.

फोनवर आकडे थांबले.

‘बाबा,’ लेकीचा आवाज बारीक झाला. ‘आई हसली का?’

काकांनी कोपरानंच फोन काकूंकडे सरकवला.

‘हशले गं,’ काकूच म्हणाल्या. ‘तुझे आकडे नंतर शांग. मला पत्त्यांना जायचंय. आज त्यांचा डाव अशतो.’

‘अगं, पण दात?’ काका वाडग्यात बोटं घालून कवळी शोधत होते. ‘हे नीट करून पक्के व्हायला चार दिवस लागतील. तोवर जुनी तरी घाल.’

‘राहू दे ती पेल्यात.’

‘अशीच जाणार?’

‘अशीच,’ काकू म्हणाल्या, चपला घातल्या आणि पुढच्या दारानं शिंपीणबाईंकडे गेल्या.